एकतीस नंबरची पिशवी

"हे आत्ता फलकावर लावा, बाई. उद्या लय उशीर व्हईल."

मल्हारीबाबांनी कार्ड ग्रंथपाल मंगलाबाईंच्या टेबलावर ठेवलं. पंचशील कॉलनीच्या वाचनालयात संध्याकाळचे पाच वाजले होते. कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘नळाच्या पाण्याला गटाराचा वास. उकळून प्या.’

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. तिथं खिळ्यांना नंबर घातलेल्या कापडी पिशव्या टांगल्या होत्या, प्रत्येक सभासदाची एक. बाबांची एकतीस नंबरची पिशवी रिकामी लोंबत होती.

"मागच्या वर्षी टाकीत कावळा मेलाय म्हणालात. अख्खी टाकी उपसली, पीससुद्धा निघालं नाही. तुमचं कार्ड उद्या."

"तवा चुकलो. आज नाय चुकत. इगतपुरीला रेल्वेच्या पंपावर तीस वर्षं काढली मी. पाणी नाकानं कळतं मला."

"नियम आहे, बाबा."

आता शिव्या ऐकायच्या म्हणून बाई पदर खोचून तयार होत्या. पण बाबा कार्ड तिथंच सोडून निघून गेले.

नियम बाईंचाच होता. चार वर्षांपूर्वी, चौऱ्याहत्तर साली, वाचनालयाबाहेर फलक लागला तेव्हा कुणीही यावं आणि कार्ड टोचून जावं असं चाले. मल्हारीबाबांना तर रान मोकळं मिळालं. कुणाच्या लग्नातलं वरण पातळ, कुणाचं गाणं म्हणजे रेड्याचं ओरडणं! महिन्याभरात दोन घरांचं बोलणं बंद झालं. अध्यक्ष भिकनराव बाबांचं नाव कापायलाच निघाले.

"नाव कापलंत तर ते भिंतीवर कोळशानं लिहितील," बाई म्हणाल्या आणि घरी जाऊन पिशव्या शिवायला बसल्या.

ज्याचं लिहिणं आवडेल त्याच्या पिशवीत वाचणाऱ्यानं चिंचोका टाकायचा. दहा चिंचोके जमलेल्या माणसाचं कार्ड लगेच फलकावर. बाकीच्यांचं एक दिवस बाईंच्या टेबलावरच्या परातीत. दुसऱ्या दिवशी बाई विचारत, "अजून लावायचंय?" तोवर राग उतरलेला असे आणि निम्मे लोक आपलं कार्ड आपणच फाडत. मल्हारीबाबा मात्र दर वेळी "लावा" म्हणत. तरी भांडणं थांबली होती, आणि बाईंना त्याचा अभिमान होता, जरा जास्तच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दाराची कडी वाजली. बाहेर मल्हारीबाबा उभे होते.

"पाणी उकळून घ्या, बाई."

एवढंच म्हणून ते शेजारच्या दारी गेले. ते दार विमलाबाईंचं होतं. पातळ वरण त्यांच्याच मुलीच्या लग्नातलं.

"माझ्या दारात पाय ठेवायला लाज नाही वाटत?" विमलाबाई कडाडल्या.

म्हाताऱ्यानं हात जोडले. "वाटती. पण पाणी उकळा, माय."

मंगलाबाई उंबऱ्यातच थबकल्या. ज्यांना ज्यांना या माणसानं टोचलं होतं, त्या प्रत्येकाच्या दारात तो हात जोडत होता, बोलणी खात होता आणि पुढं जात होता. त्रेचाळीस घरं. आपण ज्याला चार वर्षं परातीत ठेवलं त्या माणसाचं बाईंना त्या क्षणी आश्चर्य वाटलं, आणि मग भीतीच वाटली. इतकं मोठं काही आपल्या चिंचोक्यांना मोजता आलं नव्हतं.

दुपारी नगरपालिकेच्या माणसांनी नळाच्या पाइपाशी खड्डा खणला. गटाराचा पाइप फुटून पाणी नळात शिरत होतं. ज्या दोन घरांनी ऐकलं नव्हतं, तिथली मुलं आठवडाभर दवाखान्यात होती. बरी होऊन आली, पण तो आठवडा बाई रोज दवाखान्यात खेपा घालत होत्या.

कुणी भाषण केलं नाही. लोक येत, पेपर वाचत, जाताना एकतीस नंबरच्या पिशवीत हात घालत. विमलाबाईही येऊन गेल्या. पिशवी फुगली. चिंचोके सांभाळणाऱ्यानं स्वतः टाकायचे नाहीत हा नियम मोडून बाईंनीही एक टाकला.

पुढच्या शनिवारी बाबा नवं कार्ड घेऊन आले. भिकनरावांच्या भाषणाची त्यात सालटी काढली होती. बाईंनी न वाचताच टाचणी उचलली.

"थांबा," बाबा म्हणाले. "ते पाण्याचं होतं, थांबण्यासारखं नव्हतं. हे माझ्या तोंडाचं हाय. याला राहू द्या एक दिवस."

आणि भरलेल्या पिशवीकडे न बघता त्यांनी कार्ड आपल्या हातानं परातीत ठेवलं. बाईंच्या हातात टाचणी तशीच राहिली.