नाझिहाची ड्यूटी संपेपर्यंत

स्फॅक्स शहरातल्या इस्पितळातला मुलांचा दिवसभराचा विभाग नर्स नाझिहाच्या हातात होता. पोर सकाळी यायचं, दहातल्या एका खाटेवर निजवायचं, ताप, दूध, लघवी तासातासाला बघायची आणि चारच्या आत ठरवायचं, घरी की वरच्या वॉर्डात. बावीस वर्षांत आपल्या नजरेतून एकही पोर निसटलं नाही, हे ती कुणालाही ऐकवल्याशिवाय राहायची नाही.

मब्रूका त्या आठवड्यात तिसऱ्यांदा आली. कडेवर तिचा दहा महिन्यांचा झुहैर, नाक वाहतंय, अंग जरा कोमट.

"आलीस? खाट नावावर करून देऊ का, लेकी? की सासूच्या तोंडाला भिऊन पळून येतेस?" नाझिहाने सगळ्यांसमोर विचारलं.

रांगेतल्या बायका खळखळून हसल्या. मब्रूकाही हसली, पण कानापर्यंत लाल झाली. दुपारी पोराला घरी सोडताना नाझिहा म्हणाली, "काही वाटलं तर सरळ इकडे ये." एवढं हसं झाल्यावर असलं बोलणं कुणाच्या कानात शिरतं?

गुरुवारी नाझिहाची ड्यूटी दोनलाच संपायची; ती घरी निघाली. फाटकाजवळच्या बाकावर मब्रूका बसली होती, मांडीवर शालीत गुंडाळलेलं पोर.

"काय गं, ऊन खायला बसलीस?" असं चालता चालताच म्हणून तिने बस गाठली.

दुसऱ्या दिवशी हाताखालच्या रिमने सांगितलं, "मावशी, तुम्ही गेलात आणि मब्रूका आत आली. पोराला झटके येत होते. मेंदूज्वर. अकरापासून बाहेर बसली होती म्हणे."

"अकरापासून? कुणाची वाट बघत होती, बया?"

रिमने मान खाली घातली. "तुम्ही जायची."

झुहैर वाचला, पण डावा कान गेला तो गेलाच. नाझिहा दोनदा वरच्या वॉर्डाकडे निघाली आणि दोन्ही वेळा जिन्यातूनच मागे फिरली. साऱ्या जगाला बोल लावणाऱ्या त्या तोंडाला 'चुकलं माझं' एवढं काही म्हणता येईना.

दोन महिन्यांनी पोराला पुन्हा ताप आला. मब्रूका दारातच थबकली आणि रिमला दबक्या आवाजात म्हणाली, "त्या आहेत का आत?"

नाझिहाने ऐकलं. रिमवर खोटं बोलायची वेळ येऊ नये म्हणून ती मुकाट्याने चादरींच्या खोलीत गेली आणि दार ओढून घेतलं. बाहेर मब्रूकाची पावलं आत येताना ऐकू आली. पोराला घरी सोडेपर्यंत नाझिहा तिथेच बसून राहिली, घातलेल्या घड्या मोडत आणि पुन्हा घालत.