वीतभर उजेड

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि खिडकी नसलेली एक खोली मनात आणा. पांढऱ्या भिंती, जमिनीवर मातीचे ट्रे आणि वर छताला चिकटलेला एकच दिवा. तो दिवा म्हणजे मी. मी एक जुनी, दोन नळ्यांची ट्यूबलाईटची पट्टी आहे, आणि या खोलीत माझ्यावर आळ आला होता.

माझा उमेदीचा काळ एका शिंप्याच्या दुकानात गेला. कापड बेतायच्या टेबलावर त्यांनी मला दोन साखळ्यांनी खाली टांगलं होतं. कुणाचं डोकं आपटलं की ते म्हणत, "उजेड कापडाला हवा. छताला काय शिवायचंय?" काळ्या कापडावर काळा दोरा माझ्यामुळेच दिसतो, हे ते येईल त्याला सांगत. पुढे ते गेले, दुकान मिटलं आणि मी माळ्यावर पडले. पाली माझ्या पाठीवर झोपत.

त्यांच्यामागे बटणांचा एक डबा राहिला. त्यात त्यांनी वर्षानुवर्षं जपलेलं टोमॅटोचं बी होतं. त्यांच्या मुलीला ते पेरायचं होतं, पण घराला अंगण नव्हतं. म्हणून तिनं मला खाली काढलं. वायरमननं माझा गुणगुणणारा चोक काढला, वायरी बदलल्या, कमी वीज खाणाऱ्या एलईडी नळ्या बसवल्या आणि सवयीनं मला या खोलीच्या छताला ठोकलं. साखळ्या त्यानं बटणांच्या डब्यात टाकल्या.

दोनदा बी पेरलं. दोन्ही वेळा रोपं दोऱ्यासारखी लांब, फिकट झाली आणि माना टाकून आडवी पडली. आता डब्यात चिमूटभर बी उरलं होतं. दिव्यांचा दुकानदार म्हणाला, झाडांना खास जांभळा दिवाच लागतो. तो शिंप्याच्या मुलीच्या, म्हणजे आमच्या बाईंच्या, ऐपतीबाहेरचा होता.

"ही पट्टीच दगा देतेय," त्या म्हणाल्या.

मग मलाही सगळ्यांचा संशय येऊ लागला. मातीत काही असेल. पाण्यात असेल. बाईच मला दुपारी गुपचूप बंद करत असतील. रिकामं डोकं काय काय रचतं!

त्यातच बाईंच्या बहिणीची मुलगी राहायला आली. वय दहा. दुधावरची सायसुद्धा उलटून बघणारी; म्हणून घरात तिला फौजदार म्हणत. ती स्टुलावर चढून माझ्याकडे डोळे बारीक करून बघत राही. ही मला भंगारात पाठवणार, अशी माझी खात्री झाली.

एके सकाळी तिनं बटणांचा डबा उपसला. "मावशी, या साखळ्या कसल्या?"

"त्या पट्टीच्याच. आजोबा तिला खाली टांगायचे. का गं, चौकशी सुरू झाली का, फौजदार?"

"स्टुलावर उभं राहिलं की पुस्तक झकास दिसतं. खाली बसलं की अक्षरं पुसट. आणि रोपं तर जमिनीवर आहेत."

"म्हणून काय झालं? दिवा छतालाच असतो."

"तो माणसांचा. आणि तू हिच्यावर आळ घेतेस, पुरावा कुठंय? आजोबांचं बी राहू दे. मला मोहरी दे."

तिनं दोन ट्रेमध्ये मोहरी पेरली. एक जमिनीवर ठेवला. दुसरा खोक्यांवर खोकी रचून माझ्या खाली, वीतभर अंतरावर ठेवला. माती तीच, पाणी तेच, मी तीच. आठ दिवसांनी जमिनीवरची मोहरी लोळत होती आणि खोक्यांवरची बुटकी, हिरवीगार, ताठ उभी होती.

मावशीनं एक ताठ रोप बोटानं हलवून पाहिलं. मग म्हणाली, "बाबा ओरडून ओरडून सांगायचे. माझ्याच डोक्यात शिरलं नाही."

त्याच दुपारी वायरमननं वीज बंद करून मला साखळ्यांवर खाली उतरवलं, आणि शेवटचं चिमूटभर बी मातीत गेलं.

मित्रांनो, संशय जरूर घ्या, पण तो तपासूनही बघा. जुन्या वस्तूला नालायक ठरवण्याआधी, आपण तिला नीट जागी ठेवलंय का, तेवढं पाहा.

बारा दिवसांनी आजोबांची रोपं ठेंगणी आणि दणकट उभी होती. मावशीनं हसून विचारलं, "काय फौजदार, सुटली का पट्टी?"

मुलीनं रोपांच्या शेंड्यापासून माझ्यापर्यंत वीत लावली. ती मावेना; रोपं वाढून माझ्या जवळ आली होती. तिनं मावशीकडून दोन्ही साखळ्या एकेक कडी वर चढवून घेतल्या आणि पुन्हा वीत लावून पाहिली.