दूध तोडायची सहल

मंगलाला सहलीची परवानगी मिळाली ती पोराचं दूध तोडायचं म्हणून.

जबलपूरला बी.एड.ला नंबर लागल्याचं पत्र मे महिन्यात सौंसरला आलं, तेव्हा पेढ्यांच्या आधी प्रश्न उभा राहिला मिलिंदचा. मिलिंद पावणेदोन वर्षांचा. चार दात होते तेव्हा जेवढा अंगावर प्यायचा, त्याहून जास्त बारा दात आल्यावर प्यायला लागला होता. हॉस्टेलात पोर चालत नव्हतं. कडुनिंबाचा पाला वाटून लावून झाला. मिलिंदनं तोंड वाकडं केलं, आईच्या पदरानं सगळं नीट पुसून काढलं आणि पुन्हा कामाला लागला.

"आई गाव सोडत नाही तवरिक हे असंच चालते," सासू कलाबाई म्हणाली. "बारा दिवस जाय कुठी बी. बारा दिवस पोरगा राह्यला त दहा महिने राहीन. नाही राह्यला, त तुह्यं बी.एड. पुढच्या साली."

पुढच्या साली म्हणजे कधीच नाही, हे मंगलाला पक्कं ठाऊक होतं. पुढच्या साली नंबर लागेलच असं नाही, आणि पुढच्या सालापर्यंत दुसरा पाळणा हलणार नाही असंही नाही. आणि सासूनं ही अट आपण हरावी म्हणूनच घातली आहे, याचीही तिला खात्री होती.

नेमकी त्याच वेळी पुष्पा आणि अलका ह्या तिच्या बी.ए.च्या मैत्रिणींची सहल ठरत होती. पुष्पाचाही नंबर जबलपूरलाच, अलका निघाली होती सागरला एम.ए. करायला. कॉलेज सुरू व्हायच्या आधी हिंदुस्थान पाहून घ्यायचा, असा दोघींचा बेत. त्यांच्या हिशेबानं हिंदुस्थान म्हणजे आग्रा, सांची, भोपाळ आणि शेवटी हैदराबाद, कारण तिथं अलकाचा मामा होता.

शुक्रवारी पहाटे मिलिंद झोपेत असताना मंगला मागच्या दारानं निघाली. नवरा हिरामण तहसील कचेरीत बाबू, तो बस स्टँडपर्यंत पोचवायला आला आणि वाटभर म्हणत राहिला, "तू काळजी नको करू." बस पांढुर्ण्याला पोचेपर्यंत मंगलानं मनातल्या मनात मिलिंदला विहिरीत पाडलं होतं, चिंचोका गिळवला होता आणि बैलाखालून ओढून काढलं होतं. सौंसरच्या घराजवळ विहीर नव्हती. बैलही नव्हता.

आग्र्याला ताजमहालासमोर कुणाचं तरी तान्हं रडलं आणि मंगलाचा ब्लाउज ओला झाला. पुष्पानं घाईघाईनं तिच्या छातीशी गाइडबुक धरलं. फोटोवाला म्हणाला, "बहनजी, किताब हटाइए." अलका म्हणाली, "नहीं हटेगी. बहनजी बहुत पढ़ती हैं." तो फोटो आला तेव्हा तिघींत एक विद्वान आणि दोघी हसून वाकलेल्या.

त्या संध्याकाळी मंगलानं नवऱ्याला कार्ड लिहिलं. ताजमहालाबद्दल दीड ओळ. बाकी कार्डभर: गुरुवारी सकाळी आमची इटारसी-नागपूर पॅसेंजर पांढुर्ण्यावरून जाईल, साडेदहाचा टाइम आहे, मिलिंदला स्टेशनवर आणू नका. 'आणू नका' खाली दोन रेघा.

सांचीला तिनं स्तूपाशी मेणबत्ती लावली. वंदना म्हणताना मध्येच थांबून तिनं पुष्पाला विचारलं, "पोराला उन्हाळी लागली तर सब्जा द्यायचा की धने?"

"तथागताला विचार," पुष्पा म्हणाली. "मी तर कुंवारी आहो."

भोपाळहून तिनं तहसील कचेरीत ट्रंक कॉल लावला. दोन तास बाकड्यावर बसल्यावर लाइन मिळाली.

"मिलिंद रडते का?" ती ओरडली.

"नाही, नाही!" हिरामण तिकडून ओरडला. "बिलकुल नाही रडत!"

फोन ठेवून मंगलाच ढसाढसा रडली.

"अवं, आता काय झालं?" अलका म्हणाली.

"बिलकुल नाही रडत म्हणे!"

"मग चांगलं नाही का?"

"तुला नाही समजत."

बुधवारी रात्री इटारसीहून पॅसेंजर पकडली. सकाळी मुलताई गेलं तशी मंगला केस विंचरायला लागली. मग तिनं साडीच्या निऱ्या नीट केल्या. मग पिशवी मांडीवर घेतली. पुष्पा आणि अलकानं एकमेकींकडे पाहिलं.

"काय करून राहिली वं तू?" पुष्पानं विचारलं.

"काही नाही. दोन मिनिटं फलाटावर उतरून पाहते फक्त."

"काय पाहतेस? तूच लिहिलं ना आणू नका म्हणून?"

"दोन रेघा मारल्या होत्या," मंगला म्हणाली. "ह्यांना समजलं असंल."

समजलं असेल म्हणजे उलटं समजलं असेल, हे मैत्रिणींच्या उशिरा लक्षात आलं. तिगाव येईपर्यंत अलका तिच्या पिशवीवर बसली होती आणि पुष्पानं तिची उजवी चप्पल खिडकीजवळच्या म्हाताऱ्याच्या गाठोड्यामागे सारली होती. आज सहलीचा सातवा दिवस. मंगला उतरली तर मिलिंद धावत येऊन पदराखाली शिरणार, आणि सहा दिवसांची तपश्चर्या दोन घोटांत संपणार, हे तिलाही कळत होतं. कळूनही तिचे पाय दाराकडे चालले होते. दूध आटत आलं होतं. आटायच्या आत एकदाच, असं काहीतरी तिच्या डोक्यात चाललं होतं.

पांढुर्णा आलं. मंगला एका चपलेनं दारात पोचली. आणि पायदानाच्या ऐन समोर, पदर खोचून, हातात भाकरीचं फडकं घेऊन उभी होती कलाबाई.

"कुठी?" कलाबाई म्हणाली.

"आई! तुम्ही? मिलिंद कुठं आहे?"

"घरी. जयवंताजवळ."

जयवंता म्हणजे शेजारीण. मंगलानं तरीही सासूच्या मागे, पलीकडे, नळापाशी, सगळीकडे पाहून घेतलं. "मग तुम्ही कायले आल्या?"

"तुले चढवाले. कार्ड वाचलं हिरामणनं. मी म्हटलं, हे बाई उतरते. पोराले घेऊन निंगाला होता तुहा नवरा, कपडे-गिपडे घालून, पावडर लावून. मी त्याले कचेरीत धाडलं आन पहिल्या बशीनं मी आली."

"मी पाच मिनिटं घरी..."

"पांढुर्ण्याहून सौंसरले पाच मिनिटं? चढ!"

मंगला बाजूनं उतरायला गेली. कलाबाईनं तिला दोन्ही हातांनी मागे लोटलं. मंगलानं दांडी धरली. कलाबाईनं पायदानावर एक पाय ठेवून जोर लावला, मग दुसरा ठेवला. मागून पुष्पानं मंगलाचा पदर ओढला. त्या ओढाताणीत तिघी आत येऊन पडल्या आणि गाडी सुटली.

"थांबवा व माय!" कलाबाई म्हणाली. गाडी थांबली नाही.

म्हाताऱ्यानं सरकून जागा दिली. कलाबाईनं अलकाला आणि पुष्पाला 'जयभीम' घातला, फडकं सोडलं, सगळ्यांच्या हातावर भाकरी आणि ठेचा ठेवला, आणि मग सुनेकडे वळली.

"दोन दिवस लय रडला. तिसऱ्या दिवशी दरवाज्याले लाता मारल्या. चवथ्या दिवशी वरणभात खाल्ला अन् माह्या पोटावर झोपला. आता तसाच झोपते."

मंगलानं घास खाली ठेवला. "मला वाटलं, मी हरावं असंच तुम्हाला..."

"मी हिरामणले टोपल्यात निजवून मोहगावच्या मळ्यात संत्रं तोडलं," कलाबाई म्हणाली. "झाडाखाली टोपलं चालते. कॉलेजात चालते का? चालत असतं त बारा दिवसाचं मी काऊन म्हटलं असतं? खाय."

थोडा वेळ सगळ्या खात राहिल्या. मग कलाबाईचीच चुळबुळ सुरू झाली. ती खिडकीतून मागे पाहायला लागली, जशी काही खिडकीतून सौंसर दिसणार होतं.

"दुपारी मी नसली त झोपत नाही तो," ती म्हणाली. "आन जयवंता त्याले साखर चारते. हातानं. मुठी भरभरून."

"चारू द्या," अलका म्हणाली.

"चारू द्या काय? जंत होतात! आन तिच्या घरी तो विळा खालीच ठेवते ते लोकं. हे नरखेड कधी येते वं?"

पुष्पा हसू दाबत म्हणाली, "मंगले, आता सासूबाईचं दूध तोडा लागते."

"चूप बस," कलाबाई म्हणाली, पण तिलाही हसू आलं. मंगला सासूकडे पाहत राहिली. विहीर आणि बैल आता सासूच्या डोक्यात चालू झालेले तिला स्पष्ट दिसत होते.

नरखेडला कलाबाई उतरली. परतीची गाडी तासाभरात होती. अलकानं पिशवी मंगलाच्या मांडीवर ठेवली. पुष्पानं गाठोड्यामागून चप्पल काढून तिच्या पायाशी टाकली.

"घे," पुष्पा म्हणाली. "आता नाही अडवत कोणी. जायचं असंल त जाय सासूसंगं."

मंगलानं चप्पल घातली, दारापर्यंत आली. या वेळी समोर कुणीच आडवं नव्हतं. कलाबाईची पाठ तिच्याकडे होती; ती एका हमालाला गाडीचं विचारत होती. पायदानापासून फलाट एका पावलावर. मंगलानं दांडी घट्ट धरली.

"आई!" तिनं हाक मारली. "त्याला रात्री डाव्या कुशीवर निजवा. आणि पाणी उकळून! आणि..."

"तुहा नवरा कोणं वाढवला?" कलाबाईनं मागे न पाहता विचारलं.

गाडी हलली. मंगला दारातच होती, पण आतल्या बाजूला. फलाट सरकायला लागला तेव्हा तिला दिसलं, काळ्या कोटातला तिकीटबाबू कलाबाईपुढे हात पसरून उभा आहे.

"तिकीट कायचं?" कलाबाईचा आवाज गाडीच्या खडखडाटावरून ऐकू आला. "मी नाही बसली गाडीत. गाडीनंच मले आणलं! माही सून मास्तरीण होऊन राहिली, तिले चढवाले गेली होती मी!"

बाबू काहीतरी म्हणाला. कलाबाई त्याला बोट दाखवून समजावत होती. मंगला इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यातलं हसण्याचं किती नि दुसरं किती, हे बघायच्या फंदात ती पडली नाही. बोलता बोलताच कलाबाईचा दुसरा हात गाडीकडे उठला. टाटा करायला नव्हे. दारात उभी राहू नको, आत जाऊन बस, असं ती खुणावत होती.

मंगला आत जाऊन बसली.