बारीक अक्षरांचा कागद

मी एक जुना सूचनाफलक आहे, मित्रांनो. माझा हिरवा रंग उडाला आहे, उपटताना एक पाय मोडला आहे आणि अंगावर टाचांनी झिजल्याच्या खुणा आहेत. मला पाहून तुम्हाला एखादे टाकून दिलेले दार वाटेल. पण बत्तीस वर्षे मी घानाच्या किनाऱ्यावरच्या एका बंदराच्या शहरात, न्सुआनो नावाच्या कोळीवस्तीच्या तिठ्यावर ताठ उभा होतो. माझ्या अंगावर कागद लागल्याशिवाय वस्तीत कोणी मेले, यावर लोकांचा विश्वास बसत नसे.

मला आतो क्वांसा नावाच्या सुताराने घडवले. मोडीत निघालेल्या एका होडीच्या फळ्या त्याने विकत आणल्या, रंधा मारला, जोडल्या आणि पावसापासून बचाव म्हणून माझ्या डोक्यावर पत्र्याचे छोटेसे छप्पर ठोकले. मला जमिनीत रोवताना तो म्हणाला होता, "आता समुद्रात जायचं नाही. आता उभ्यानं काम करायचं."

तिठ्यावरची ती जागा नगरपालिकेची होती. तिथे एक मोठा कडुनिंब होता, एक सार्वजनिक नळ होता आणि मी होतो. कडुनिंबाखाली आराबा मेन्सिमा ही बाई केंकी विकायला बसायची. मक्याचे आंबवलेले पीठ केळीच्या पानात गुंडाळून उकडायचे, सोबत तळलेली मासळी आणि वाटलेली मिरची. सगळे तिला आंटी आराबा म्हणत. ती शाळेत जेमतेम चार वर्षे गेली होती. बाकीचे वाचन ती माझ्यावर शिकली, एकेक कागद, एकेक अक्षर करत. पुढे तर माझी सगळी व्यवस्था तिच्याकडेच आली. जुने कागद सुरीने खरवडायचे, नवे चिकटवायचे आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचे.

आमच्या किनाऱ्यावर मंगळवार हा समुद्राच्या विसाव्याचा वार, तेव्हा कोणी समुद्रावर जात नाही. त्या दिवशी तिठ्यावर गर्दी व्हायची. माझ्या अंगावर काय नसायचे? लस टोचण्याची तारीख, परीक्षेचे निकाल, हरवलेली शेळी, चर्चमधले लग्न. आणि सर्वांत जास्त असत ते मृत्यूचे कागद. काळ्या-लाल चौकटीत गेलेल्या माणसाचा फोटो, खाली मुलांची, नातवंडांची, जावयांची नावे, अंत्यविधीचा दिवस, कोणत्या रंगाचे कापड नेसून यायचे ते.

सर्वांत पुढे बसायचे एग्या बोत्वे. एग्या म्हणजे बाबा. हे जाळी दुरुस्त करणारे म्हातारे गृहस्थ आईबापाचे आठवे मूल, म्हणून नाव बोत्वे. त्यांना अक्षर ओळखीचे नव्हते, पण प्रत्येक कागदावर त्यांचे काहीतरी म्हणणे असायचेच.

"उद्या सकाळी नऊ ते बारा नळाला पाणी येणार नाही," आराबा वाचायची.

"नऊ ते बारा कुणाच्या घड्याळात? आपल्या की पालिकेच्या?"

"पालिकेच्या, एग्या."

"मग परवापर्यंतचं भरून ठेवा रे सगळ्यांनी!"

लोक हसायचे आणि हसत हसत पाणी भरायला जायचे. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. लोक माझी स्तुती करत नसत, पण माझ्यासमोर थांबत. फलकाला आणखी काय हवे?

मग एका गुरुवारी पालिकेचे कारकून टर्कसन साहेब खळ घेऊन आले. त्यांनी माझ्या मधोमध एक कागद चिकटवला. फोटो नाही, चौकट नाही, नुसती मुंगीएवढी अक्षरे. ते निघून गेले. आराबाच्या टोपलीपुढे गिऱ्हाइकांची रांग होती. तिने मान वळवून, डोळे बारीक करून पहिली ओळ वाचली.

"काय म्हणतोय कागद?" एग्यांनी विचारले.

"पालिकेचं आहे काहीतरी. कलम अमुक, पोटकलम तमुक. चष्मा घरी राहिलाय माझा. नंतर बघते."

"कलम असेल तर आपल्यासाठी नाही," एग्या म्हणाले आणि जाळ्यात सुई घातली.

चार दिवसांनी कोळ्यांचे प्रमुख नाना कुम वारले. सगळी न्सुआनो रडली. त्यांचा कागद बिछान्याच्या उशीएवढा मोठा होता. वस्तीच्या प्रमुखाला कोपऱ्यात कसे लावणार? आराबाने मधली जागा घेतली. खळीचा ओला हात तिने टर्कसन साहेबांच्या कागदावरून फिरवला आणि त्यावर नाना कुमांचा चेहरा नीट दाबून बसवला. डोळे पुसत ती हलक्या हाताने फुगे काढत होती. माझ्या अंगावरची ती बारीक अक्षरे अंधारात गेली. मला ते कळत होते, पण फलक फक्त दाखवू शकतो, बोलू शकत नाही.

महिना उलटला. एके दिवशी सकाळी पांढऱ्या गाडीतून माणसे उतरली. त्यांनी टेप लावून जागा मोजली आणि कडुनिंबावर चुन्याची फुली मारली. आराबा टोपली सोडून धावली. टर्कसन साहेब गाडीजवळच उभे होते.

"हे काय चाललंय? कुणाला विचारून?"

"आंटी, हळू बोला. ही जागा एका कंपनीला भाड्यानं दिलीय. इथे मोठा विजेचा पडदा येणार आहे, जाहिरातींचा. शहराला त्यातून उत्पन्न मिळेल."

"आणि आम्हाला कोणी सांगायचं?"

"सांगितलं होतं. एकवीस दिवस नोटीस लावली होती. एकाचीही हरकत आली नाही."

"कुठे लावली होती? दाखवा!"

टर्कसन साहेबांनी तिच्याच टोपलीतली सुरी उचलली. माझ्याजवळ येऊन त्यांनी नाना कुमांच्या कागदाचा एक कोपरा सोडवला आणि अलगद ओढला. प्रमुखांचा चेहरा मधोमध फाटला. त्याखाली तो कागद होता, पिवळा पडलेला, पण अक्षर न् अक्षर शाबूत.

आराबाने चष्मा लावला. त्या दिवशी तो तिच्याजवळ होता. तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली, कारण तिला मनातल्या मनात वाचताच येत नसे. "न्सुआनो तिठ्यावरील सार्वजनिक जागा... तीवरील वृक्ष व इतर वस्तू हटवून... पंधरा वर्षांच्या भाडेपट्ट्याने... ज्या नागरिकांची हरकत असेल त्यांनी..." तिचा आवाज बारीक होत गेला. भोवती चाळीसेक माणसे जमली होती.

"छान वाचलंस, पोरी," एग्या बोत्वे म्हणाले. "फक्त जरा उशिरा."

बोलून गेल्यावर त्यांना वाईट वाटले असावे. त्यांनी मान खाली घालून जाळे पुढ्यात ओढले. आराबाने मात्र त्यांच्याकडे पाहिलेही नाही. ती माझ्याकडेच पाहत होती. त्या नजरेत राग असता तर मला बरे वाटले असते.

तिने हार मानली नाही. घरोघर जाऊन हरकतीच्या अर्जावर दोनशे जणांचे अंगठे घेतले, शोकाचे काळे-लाल कापड नेसून पालिकेत गेली. तिथे काय झाले ते तिने दुसऱ्या दिवशी एग्यांना सांगितले, ते मी ऐकले.

"मोठे साहेब फार गोड बोलले हो. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, करार झाला, आता इलाज नाही. पण तुमच्या वस्तीच्या सूचना आम्ही पडद्यावर दाखवू. दर तासाला दहा सेकंद, अगदी फुकट."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, साहेब, दहा सेकंदांत मी 'नगरपालिका' एवढा एक शब्द वाचते."

कडुनिंब पडायला दीड दिवस लागला. मी पाच मिनिटांत पडलो. मजुरांनी मला हलवून हलवून उपटले, तेव्हा माझा उजवा पाय मोडला आणि डोक्यावरचा पत्रा कोणीतरी घेऊन गेले. मग त्यांनी मला तिठ्याच्या कडेच्या गटारावर आडवे टाकले, ये-जा करायला. ज्यांचे कागद मी अंगावर वागवले, त्यांचीच मुलेबाळे माझ्यावर पाय देऊन जाऊ लागली. त्यांना दोष कसा देऊ? त्यांना फक्त एक फळी दिसत होती.

पडदा उभा राहिला, तीन मजली घराएवढा. त्याच्यावर दात घासणाऱ्या बायका, फोन कानाला लावून हसणारे तरुण, फेसाळणारी बाटली, पुन्हा दात. आराबाला मोठ्या बाजारात जागा शोधावी लागली. एग्या बोत्वे मात्र तिठा सोडायला तयार नव्हते. ते पडद्याच्या लोखंडी खांबाच्या सावलीत जाळे घेऊन बसत आणि सावली सरकेल तसे सरकत. नळ अजून होता, तेवढाच त्यांना आधार.

त्याच वर्षी मोठ्या पावसानंतर सांडपाण्याची वाहिनी फुटली आणि घाण पिण्याच्या नळात शिरली. मित्रांनो, पालिका झोपली होती असे मी म्हणणार नाही. टर्कसन साहेबांनी त्याच सकाळी सूचना पाठवली. मी गटारावर उताणा पडलो होतो, त्यामुळे पडदा मला पूर्ण दिसत होता. फोनची जाहिरात संपली. निळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे आली, इंग्रजीत, सहा ओळी: पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये. मी दहापर्यंत मोजले. मग बाटली फेसाळली.

एग्यांनी वर पाहिले होते. त्यांनी पडद्याच्या राखणदाराला, एबोला, हाक मारली.

"काय म्हणतोय रे तुझा पडदा? मघाशी चित्रच नव्हतं."

एबो भिंतीला टेकून कंबर मोकळी करत होता. "जाहिरातच असणार, एग्या. काहीतरी विकायचं असेल."

"मला काय विकणार तो? टूथपेस्ट लावायला दात तरी शिल्लक आहेत का!"

दोघेही हसले. एग्या उठले, माझ्यावर पाय देऊन नळापाशी गेले आणि डबा भरून पाणी प्याले. उकाडा होता. त्यांनी दुसरा डबाही भरला.

त्या आठवड्यात न्सुआनोतली अकरा घरे आजारी पडली. दहा घरांतली माणसे उठून बसली. एग्या बोत्वे सोमवारी दवाखान्यात वारले.

मंगळवारी आराबा तिठ्यावर आली. तिच्या हातात त्यांचा कागद होता. काळ्या-लाल चौकटीत एग्या तोंड उघडून हसत होते. छापणाऱ्याला गंभीर फोटो मिळालाच नसणार. ती उभी राहिली आणि इकडे तिकडे पाहू लागली. कागद लावायचा कुठे? शेवटी तिने तो पडद्याच्या खांबाला चिकटवला.

एबो जवळ आला. "आंटी, हा काढावा लागेल मला. खांबाला काही लागलं तर माझी नोकरी जाते."

"ठाऊक आहे. तू काढ. मी लावते."

त्याने काढला. तिने पुन्हा लावला. त्याने पुन्हा काढला, तिने पुन्हा लावला. तिसऱ्या वेळी तिची खळ संपली. एबोने कागद न फाडता सोडवला आणि दोन्ही हातांनी तिला परत दिला.

"त्यांनी मला विचारलं होतं," तो म्हणाला. "पडद्यावर काय लिहिलंय म्हणून. मी वर पाहिलंसुद्धा नाही, आंटी."

त्याच्या खांद्यावर हात ठेवावा म्हणून आराबा एक पाऊल पुढे सरकली आणि तिच्या पायाखाली मी करकरलो. तिने खाली पाहिले. ती वाकली आणि चिखल बाजूला करून माझ्या कडेवरून बोट फिरवले. तिथे तिच्याच सुरीचे हजारो ओरखडे होते.

"हा तर आपला फलक," ती म्हणाली. "बत्तीस वर्षं उभा होता, आणि मी आज त्याच्यावर पाय दिलाय."

एबोने राखणीची काठी भिंतीला टेकवली आणि मला एका बाजूने उचलले. दोघांनी मिळून मला तिच्या अंगणात आणले. तिने मला घासून धुतले, स्वयंपाकाच्या चुलीशेजारी भिंतीला टेकवले आणि एग्यांचा कागद माझ्या मधोमध लावला. मग तिने तो सगळा वाचला, पहिल्या नावापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत. ऐकायला एबो होता आणि शेजारची एक म्हातारी होती. ज्या कोळ्यांची जाळी एग्यांनी जन्मभर शिवली, त्यांतल्या पुष्कळांना अंत्यविधी होऊन गेल्यावर कळले.

आता मी इथेच असतो. अंगणातल्या फलकापुढे कोण थांबणार? आराबा मात्र दर मंगळवारी चष्मा लावून पालिकेत जाते. तिथल्या व्हरांड्यात नोटिसा लावलेल्या असतात. त्या सगळ्या ती शेवटपर्यंत वाचते आणि परत येऊन गल्लीगल्लीतून सांगत फिरते. तिचे गुडघे दुखतात. लोक म्हणतात, नंतर ऐकतो आंटी. गेल्या महिन्यात होड्या ओढून ठेवायच्या जागेचा कागद तिला वेळेवर सापडला. हरकतीच्या सुनावणीला तिने साऱ्या वस्तीला बोलावले होते. नऊ जण आले. ती जागाही गेली.

संध्याकाळी चूल पेटवताना ती कधीकधी माझ्याशी बोलते. "पहिली ओळ वाचली होती मी," ती म्हणते. एवढेच, आणि मग धुराने झोंबलेले डोळे चोळते.

मित्रांनो, मला पुन्हा उभे करा असे मी म्हणत नाही. माझे लाकूड आता खिळा धरणार नाही. पण तुमच्याही गावात एखादा तिठा असेल, एखादे झाड, एखादा नळ, ज्याला कोणी आपले म्हणत नाही आणि सगळे वापरतात. तिथे कोणी मुंगीएवढ्या अक्षरांचा कागद लावून गेला, तर हातातले काम बाजूला ठेवा. चष्मा घरी राहिला असेल तर घरी जाऊन आणा. शेजारी अक्षर न ओळखणारा माणूस बसला असेल, तर त्याला ऐकू जाईल अशा आवाजात तो कागद वाचा, आणि दुसऱ्या ओळीवरही थांबू नका.