लाल गाडीची तहान

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी जीप आहे. लातूरला औसा रोडच्या मागच्या गल्लीत, शिवप्पांच्या अंगणात, कंपाउंडच्या भिंतीला लागून उभी असते. पांढरी म्हणजे एके काळची. आता माझा रंग धुऊन धुऊन विटलेल्या चादरीसारखा झाला आहे. मी डिझेलवर चालते. सकाळी सुरू होताना दोनदा खोकते आणि मग दिवसभर तक्रार करत नाही. माझी एक वाईट खोड मात्र आधीच सांगून टाकते. मी मत्सरी आहे. या कहाणीत मी फार चांगली वागले असं तुम्हाला वाटणार नाही, पण खरं तेच सांगते.

माझा जन्म नाशिककडच्या एका कारखान्यात झाला. वीस वर्षांपूर्वी शिवप्पा मला घेऊन आले. त्यांचं तेव्हा भांड्यांचं दुकान होतं. पहिल्या दिवशी त्यांनी चाकांखाली लिंबं ठेवली, तीन बोटांनी माझ्या बॉनेटवर विभूतीचे तीन पट्टे ओढले आणि हळूच म्हणाले, "इमानानं चाल, बाई." मी चालले. त्यांचा एकुलता एक मुलगा मल्लेश तेव्हा चोवीस वर्षांचा होता, नुकताच एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायला लागला होता. एका वर्षी ऐन परीक्षेच्या दिवशी बस बंद पडल्या, तेव्हा मी त्याच्या क्लासची चौदा मुलं एका खेपेत नांदेडच्या केंद्रावर पोचवली. एक जण तर मागच्या दारातून पाय बाहेर सोडून सूत्रं पाठ करत होता. मल्लेशची नवरी मंजुषा देगलूरहून आली तीही माझ्यातूनच. आणि लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या साली आमच्या अंगणातली बोअर आटली नाही, तेव्हा पाण्याचे कॅन भरभरून मी अर्ध्या गल्लीला पुरवले. लोक म्हणायचे, गाडी असावी तर शिवप्पांच्या जीपसारखी. हे ऐकून मी थोडी फुगायचे, हे कबूल करते.

रोज पहाटे शिवप्पा पूजा उरकून तांब्याभर बोअरचं पाणी घेऊन यायचे, माझं बॉनेट उघडायचे आणि रेडिएटरमध्ये लागेल तेवढं पाणी टाकायचे. तेलाची पट्टी ओढून बघायचे. ही आमच्या दोघांची वेळ होती. मल्लेशने मला वीस वर्षं चालवलं, पण बॉनेटच्या आत काय आहे हे त्याला बघावंच लागलं नाही. मी कधी अडलेच नाही, तर तो बघणार कशाला?

मग गेल्या हिवाळ्यात तिचं नाव घरात निघायला लागलं. ती म्हणजे एक लाल, बुटकी, दोन दारांची, दोनच माणसं बसतील अशी वेगवान गाडी. मालक हैदराबादचा, त्याने ती विकायला काढलेली. मित्रांनो, सगळ्यात झोंबणारी गोष्ट कोणती सांगू? तिच्याबद्दलच्या सगळ्या गप्पा माझ्यातच बसून झाल्या. माझ्याच स्टिअरिंगवर हात ठेवून मल्लेश फोनवर तिची चौकशी करायचा. इंजिन नाजूक आहे म्हणे. गरम होतं म्हणे. पाण्याचा पंप हमखास झिरपतो म्हणे. हे सगळं ऐकून मी मनात म्हणायचे, झालं, आता सोडेल नाद. तो उसासा टाकायचा, आणि पुढच्या सिग्नलला पुन्हा तिच्या आवाजाचा व्हिडिओ लावायचा.

मंजुषा शाळेत गणित शिकवते. तिला गोल गोल उत्तरं चालत नाहीत. एकदा शेजारच्या सीटवरून ती म्हणाली, "अहो, इंजिनाचा भरवसा नाही म्हणता, मग घेता कशाला?"

"घ्यावीशी वाटते म्हणून."

"हे काय उत्तर झालं? पोरांनी पेपरात असं लिहिलं तर मार्क द्याल का?"

"नाही देणार," मल्लेश म्हणाला. जरा वेळाने गिअर बदलत पुढे म्हणाला, "पण तो पेपर तपासताना मला बरं वाटेल."

आणि पाडव्याला ती लाल बया आमच्या दारात आली.

आली ती अडूनच बसली. तिचं पोट इतकं खाली की फाटकाचा चढ तिला घासायला लागला. लगेच गवंडी बोलावला, चढ फोडला, नवा उतार केला. वीस वर्षं मी त्याच चढावरून धडधडत जात होते! पत्र्याच्या शेडमधली माझी जागा तिला दिली, आणि मला भिंतीकडे कडुलिंबाखाली उभं केलं, जिथे कावळे बसतात. तिला चंदेरी कापडाचा झगा आला. शिवप्पांनी तिच्याही बॉनेटवर विभूतीचे तीन पट्टे ओढले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्याच संध्याकाळी अंगणात मंजुषाने अट घातली. "दोन महिने बघू. दोन महिन्यांत ही एकदाही अडली नाही तर ठेवा, आणि जीप काढून टाका. अंगणात दोन गाड्या ठेवून आपल्या पोरांना सायकल फिरवायला जागा उरत नाही. अडली तर हीच परत. कबूल?"

"कबूल," मल्लेश म्हणाला.

माझं आरटीओचं पासिंग जूनमध्ये संपत होतं. नांदेडचा एक भंगारवाला येऊन माझ्या मडगार्डवर बोटाच्या पेराने ठकठक करूनही गेला. कलिंगड घेताना करतात तसं. शिवप्पा तेव्हा पायरीवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं.

त्या दिवसापासून माझं एकच काम झालं. तिच्यावर डोळा ठेवायचा आणि ती कधी अडते याची वाट बघायची.

आणि मला दिसलं. चौथ्या-पाचव्या दिवशीच पहाटे तिच्या खाली फरशीवर एक ओला डाग होता, गुलाबी, रुपयाएवढा. इंजिन थंड ठेवायला तिच्यात गुलाबी कूलंट असतं, ते झिरपत होतं. मला इतका आनंद झाला की काय सांगू! आता रविवारी मल्लेश बघेल, पातळी खाली गेलेली दिसेल, आणि बाई जाईल हैदराबादला.

पण डाग शिवप्पांनाही दिसला. ते थोडा वेळ वाकून बघत राहिले. मग त्यांनी पायाने डाग पुसला, तिची टाकी उघडली आणि माझ्या तांब्यातलं उरलेलं पाणी तिच्यात ओतलं. अगदी खुणेच्या रेघेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. माझा तांब्या, माझी बोअर, माझी पहाटेची वेळ, सगळ्यात तिचा वाटा! मला वाटलं, म्हाताराही तिच्या रूपाला भुलला. बोअरचं जड पाणी तिला सोसणार नाही हे मला ठाऊक होतं. ज्या पाण्याने गल्लीतल्या नळांच्या तोट्यांवर पांढरी पुटं चढतात, ते त्या नाजूक नळ्यांचं काय करणार? मला बोलता येत नाही हे खरं. पण खरं सांगते, मित्रांनो, बोलता आलं असतं तरी मी बोलले नसते.

इकडे मल्लेश दर रविवारी टॉर्च घेऊन तिची टाकी बघायचा. पातळी रेघेवर! पुढच्या रविवारी पुन्हा रेघेवर! त्याच्या कपाळावरची आठी हळूहळू मिटली. "मंजू, लोक उगीच घाबरवतात. थेंबभर कमी झालं नाही," असं तो सांगायचा. मग तिला घेऊन रिंगरोडला एक चक्कर मारून यायचा. परत आला की त्याचा चेहरा वेगळाच असायचा. पाच-पाच बॅचेस शिकवून घसा बसलेला हा माणूस शीळ घालत पायऱ्या चढायचा. मला ते बघवत नव्हतं. मी त्याला दवाखान्यात नेलं, परीक्षांना नेलं, लग्नांना आणि मयतींना नेलं. नुसतं फिरायला म्हणून त्याने मला एकदाही बाहेर काढलं नव्हतं.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी, मुदतीला चारच दिवस उरले असताना, मल्लेश आणि मंजुषा त्या गाडीतून रेणापूरला देवीच्या दर्शनाला गेले. बारा वाजले तरी परतले नाहीत. मग शिवप्पांचा फोन वाजला. रेणापूरच्या अलीकडे रस्त्यातच इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला होता. मल्लेशने तत्काळ इंजिन बंद केलं होतं, आणि दोघं एका रसवंतीच्या मांडवात बसले होते.

मला काय वाटलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. शिवप्पांनी किल्ली फिरवली, मी खोकलेसुद्धा नाही. वाटेत आमचा नेहमीचा हणमंत मिस्त्री दोर घेऊन चढला. मी भर उन्हात अशी पळाले जशी दहा वर्षांत पळाले नसेन.

ती चिंचेखाली बॉनेट वासून उभी होती. इंजिन निवल्यावर हणमंतने टाकीचं झाकण काढलं, बोट बुडवलं आणि बोटाकडे बघत राहिला.

"सर, ह्यात कूलंट कुठाय? हे तर नुसतं पाणी हाय. खार बी लई धरलाय."

"शक्यच नाही," मल्लेश म्हणाला. "मी थेंब टाकलेला नाही. दर रविवारी बघतो, पातळी भरलेली असते."

मांडवात रसवंतीचं चाक फिरत होतं. मग शिवप्पा म्हणाले, "मी टाकत होतो."

"काय?"

"रोज. जीपला टाकताना. पाडव्यापासून गळायलीय ती."

"अप्पा! मग मला सांगायचं ना! त्याच वेळी कळलं असतं तर नुसता पंप बदलून भागलं असतं."

शिवप्पांनी टोपी काढली, घाम पुसला. "सांगणार होतो रे. पण तू शीळ घालत होतास. तुझी शीळ मी किती वर्षांनी ऐकली, ठाऊक हाय का? म्हणलं, पाण्याचं काय एवढं, आपल्या बोअरला तोटा न्हाई. तुझ्या जिवाला कशाला घोर लावू?"

"पण ही अडली नाही तर जीप जाणार, हे तुम्हाला ठाऊक होतं," मंजुषा हळू आवाजात म्हणाली.

"ठाऊक होतं की," शिवप्पा म्हणाले. माझ्याकडे मात्र त्यांनी बघितलं नाही.

मित्रांनो, ते ऐकून माझं इंजिन बंद असूनही आत काहीतरी तापलं. मी समजत होते की म्हातारा तिच्या रूपाला भुलला. त्याने तिच्याकडे धड पाहिलंही नव्हतं. त्याने रोज पहाटे एका बाजूला मला ठेवलं होतं, दुसऱ्या बाजूला पोराची शीळ, आणि रोज मला हरवलं होतं. माझ्याच तांब्याने! लाल गाडीचा हेवा मी करून करून थकले होते. आता ज्याचा हेवा करावा असं खरंच काही समोर होतं, तर त्याच्यावर रागही धरता येईना.

हणमंतने दोर बांधला. पुढे शिवप्पा मला चालवत होते, मागे मल्लेश तिचं स्टिअरिंग धरून बसला होता. चढ लागला तेव्हा तिचं सगळं वजन दोरावर आलं. एक हिसका बसला असता तर तिचं तोंड फुटलं असतं. माझ्या मनात ते आलं, लपवत नाही. पण शिवप्पांचा पाय क्लचवरून इतका अलगद उठला, की मीही तशीच अलगद निघाले. आरशात मला मागचं दिसत होतं. मल्लेश एका हाताने तिचा डॅशबोर्ड थोपटत काहीतरी पुटपुटत होता. तापलेल्या पोराला थोपटतात तसं. मला असं कुणी कधी थोपटलं नाही. थोपटावं लागलंच नाही ना.

घरी आल्यावर मंजुषाने फाटकातच विचारलं, "मग? कबूल केलं होतं तुम्ही."

मल्लेशने दोर गुंडाळून ठेवला. "केलं होतं. पण इंजिनाचा दोष एकट्या गाडीचा नाही, आपल्या घराचाही आहे. मी तिला काढणार नाही, मंजू. हिच्या इंजिनाची धाकधूक राहील, ती मी घेतो. माझा तास संपला की मला घरी यावंसं वाटतं, ते हिच्यामुळे."

"आणि जीप?"

"जीपचं पासिंग करून घेऊ. ही पुन्हा कुठे अडली तर ओढायला कुणीतरी पाहिजे ना."

मंजुषा हसली. पोरांनी सायकल गल्लीत फिरवायची असं ठरलं. घरात सगळ्यांना बरं वाटलं, आणि मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी वाचले, पण मला ठेवलं ते माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी.

मत्सर गेला का, असं विचाराल. नाही गेला. तिला नवा पंप बसला, नळ्या धुऊन झाल्या, खरं गुलाबी कूलंट भरलं. ती पुन्हा शेडमध्ये झगा घालून उभी आहे, आणि मला तिचा झगा अजून सलतो. पण मागच्या रविवारी एक गोष्ट घडली. तिची टाकी बघून झाल्यावर मल्लेश टॉर्च घेऊन माझ्याकडे वळला. माझ्या पुढ्यात उभा राहून बॉनेटच्या कडेवरून बोटं फिरवू लागला. इकडून चाचपलं, तिकडून चाचपलं. मग त्याने पायरीकडे बघून आवाज दिला.

"अप्पा, हिचं बॉनेट कुठून उघडतं?"

शिवप्पा तांब्या घेऊन येत होते, ते जागीच थांबले. बॉनेट उघडायची खटकी माझ्या स्टिअरिंगखाली आहे, डाव्या हाताला. वीस वर्षं मल्लेशचा गुडघा रोज तिला लागत आला आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात कधी न अडणारं कुणीतरी असेल. गाडी असेल, गिरणी असेल, नाहीतर पहाटे सगळ्यांच्या आधी उठणारं एखादं माणूस असेल. ते काही मागणार नाही. तुम्हीच एकदा त्याच्यासमोर उभे राहा आणि विचारा. कुठून उघडतं हे ठाऊक नसलं तरी लाजू नका. मल्लेशने विचारलं तेव्हा शिवप्पांनी त्याचा हात धरून त्या खटकीवर नेऊन ठेवला, आणि तांब्या त्याच्या हातात दिला.