तीनदा ऐकलेली बातमी

माझ्या सहा बटणांपैकी फीत मागे नेणारे बटण इतरांपेक्षा दीड मिलिमीटर खाली बसले आहे. त्यावरची बाणाची खूणही पुसून गेली आहे. बाकीची पाच बटणे अजून बरी दिसतात.

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ-टेपरेकॉर्डर आहे. माझ्या पोटात एक मोटर, एक रबरी पट्टा आणि फीत कुठवर आली ते दाखवणारी तीन आकड्यांची खिडकी आहे. माझी पहिली वर्षे मजेत गेली. घरातले आजोबा माझ्यावर गाणी लावत आणि पाहुण्यांना म्हणत, "आवाज बघा, कसा खणखणीत!" मग आजोबा गेले आणि मी कपाटावर गेलो. नऊ वर्षे धूळ खात पडलो.

मला खाली काढले ते आजोबांच्या लेकीने. ती पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. एका शाळेच्या नळाच्या पाण्यात तिला शिसे सापडले होते. शिसे मुलांच्या वाढत्या मेंदूला इजा करते. शाळेतले जुने नळ बदलायचा खर्च एक परदेशी संस्था देणार होती, त्याला तिच्या तज्ज्ञांच्या समितीची मंजुरी हवी होती आणि समितीपुढे सगळे इंग्रजीत मांडावे लागे. गेल्या वर्षी तिच्याऐवजी तिचे साहेब बोलले. समितीने विचारले, "नमुना नळ सोडल्या सोडल्या घेतला, की पाणी थोडा वेळ वाहू देऊन?" साहेबांना सांगता येईना. ती तिसऱ्या रांगेत बसली होती. उत्तर तिला ठाऊक होते, पण ते इंग्रजीत सांगायचा धीर झाला नाही. निर्णय वर्षभर पुढे गेला आणि मुले तेच पाणी पीत राहिली.

यंदा साहेबांनी आधीच विचारले, "तुम्ही बोलता की मी बोलू?"

"विचार करून सांगते, सर," ती म्हणाली. त्याला दोन महिने झाले.

त्या दोन महिन्यांत रोज संध्याकाळी ती माझ्यावर इंग्रजी बातम्या टिपून घेई आणि तीनदा ऐके. प्रयोगशाळेत प्रत्येक नमुना तीनदा मोजतात, तीच शिस्त. न कळलेल्या जागी ती माझ्या खिडकीतला आकडा वहीत लिही : ०४७, ११२, १३०. पहिल्या दिवशी पाच मिनिटांच्या बातम्यांत तिला चौदा शब्द कळले. आठव्या आठवड्यात न कळलेले शब्दच चौदा उरले.

मला मात्र धाकधूक वाटे. माझा पट्टा सैल झाला होता. मध्येच आवाज जड होई, आणि एखाद्या दिवशी मी तिची फीतच गिळून टाकीन अशी भीती वाटे.

"आई, तुझा बातमीवाला झोपेत बोलतोय का?" तिची मुलगी हसे.

"गप गं. त्याचं वय झालंय," ती म्हणे आणि कापसाच्या बोळ्याने माझे आतले भाग पुसून काढी.

बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी तिने आपले सगळे भाषण माझ्यावर टिपले आणि मुलीला ऐकवले. आवाज हुबेहूब वृत्तनिवेदिकेसारखा होता. तसेच चढउतार, तसेच थांबणे. मला अभिमान वाटला.

मुलीच्या कपाळावर मात्र आठी पडली. "छान आहे. पण आई, हे पाणी तपासलं कुणी?"

"कुणी म्हणजे? मी!"

"मग 'असं समजतं', 'सूत्रांच्या माहितीनुसार' हे काय? बातम्या देणारी तिथे गेलेली नसते, म्हणून ती तसं म्हणते. तू तर बाटली घेऊन नळाखाली बसली होतीस. सगळं ऐकीव वाटतंय गं."

आईने फीत मागे नेली. पुन्हा ऐकले. असे शब्द सात ठिकाणी होते. तिचा चेहरा उतरला. मित्रांनो, मीही खजील झालो. ही सवय तिला माझ्याच पोटातून लागली होती, आणि बैठक दुसऱ्या दिवशी अकरा वाजता होती.

भाषणाच्या कागदावर तिने सातही जागी काट मारली आणि तिथे लिहिले, 'मी मोजले.' मग पुन्हा टिपायला सुरुवात केली. या वेळी आवाज कापला, एक शब्द अडला, दुसरा चुकला. पण तो तिचा आवाज होता.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. जुनी वस्तू टाकण्याआधी तिच्यावरची धूळ एकदा पुसून पाहा. आणि आमच्या पोटातून आवाज कितीही खणखणीत आला, तरी आधी विचारा : हे पाहिले कुणी? मोजले कुणी? मला ते ठाऊक नसते. मी फक्त ऐकलेले सांगतो.

तिचे टिपणे अर्ध्यावर आले होते, तेवढ्यात फोन वाजला. माझा टिपून घेण्याचा लाल दिवा तसाच चालू राहिला.

"मॅडम, उद्याच्या यादीत नाव कुणाचं घालू?" साहेबांचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. "अजून काही ठरत नसेल तर माझंच घालतो."

तिचे बोट सवयीने फीत मागे नेणाऱ्या त्या झिजलेल्या बटणाकडे गेले. क्षणभर त्यावर टेकले. मग तिने बोट उचलले.

"माझं घाला, सर. उद्या मीच बोलणार आहे."