कुंभारणीचं घर

साहेबांनी बारीक तार नळीत घातली. ती बोटभर आत गेली आणि अडली.

"आत काहीतरी आहे," ते इंग्रजीत पुटपुटले. मंद्रूपच्या काळ्या मातीत त्यांचे गुडघे रुतले होते, आणि विजारीचं काय होतंय याची त्यांना फिकीर नव्हती.

यज्ञेश्वरपंत त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभे होते. तसं करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते दुभाषी म्हणून आले होते. मुंबईहून चौकशीला आलेल्या साहेबांना मराठी येत नव्हतं, आणि सोलापुरात इंग्रजी शिकवणारे मास्तर दुसरेही होते. पण पंतांनी हट्टच धरला. मेलेला वैमानिक यांचाच मुलगा, हे कळल्यावर साहेब घुटमळले होते. तेव्हा पंत म्हणाले होते, "काय झालं ते घरच्या कुणीतरी ऐकलेलं बरं."

खरं तर त्यांना ऐकायचं होतं ते एकच. गिरणीच्या मालकांनी हौसेनं विमान घेतलं, एकनाथला मुंबईला पाठवून उडवायला शिकवलं, आणि विमान पडल्यावर 'पोरगं बेफिकीर होतं' एवढं बोलून हात झटकले. ते बोलणं भवानी पेठेत घरोघर पोचलं. तेराव्याला जेवायला बसलेल्यांच्या तोंडीही तेच. पोर तर गेलंच होतं. निदान त्याची चूक नव्हती, एवढं कुणीतरी अधिकारानं म्हणावं, म्हणून पंत उन्हात उभे होते.

विमानाचं नाक जळून कोळसा झालं होतं. उजवा पंख मात्र बराचसा शाबूत होता. त्याच्या दांड्याला ती करंगळीएवढी नळी बसवलेली होती, तोंड पुढे करून. हस्ताच्या पावसानं सगळं धुऊन निघालं होतं. दांड्याला एक सुतळी तेवढी लटकत होती, तिच्यात झेंडूचं एक काळं पडलेलं फूल.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"सणाची माळ," पंत म्हणाले. "आमच्याकडे त्या दिवशी यंत्रांना फुलं घालतात."

साहेबांनी मान हलवली. गिरणीचे माग त्यांनीही पाहिले असावेत.

रानाचा राखणदार बिरप्पा धनगर घोंगडी सावरत पुढे आला. विमान पडलं तेव्हा तो मेंढरं घेऊन याच माळावर होता. साहेबांनी विचारलं, पंतांनी मराठीत सांगितलं.

"मशीन बंद पडलं न्हवतं, सायेब. आवाज त्यानं सोता कमी केला. उतरायचं हुतं न्हवं, मालकाच्या मळ्याकडं. पर लई हळू आलं की. घार तरंगती तसं. आन् मग एकदम नाकावर."

"त्यानं तुला पाहिलं?"

"म्या हात केला. त्यो वर बगतच न्हवता. मान खाली घालून म्होरं कायतरी बगत हुता." बिरप्पानं पंतांकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "मास्तर, पोरगं भेल्यालं न्हवतं. येवढं सांगतो तुमास्नी."

हे शेवटचं वाक्य पंतांनी इंग्रजीत केलं नाही. ते त्यांनी स्वतःजवळ ठेवलं.

साहेब बराच वेळ तार फिरवत राहिले. वर्गातल्या ढ पोराला समजवावं तितक्या सावकाशीनं ते बोलू लागले. या नळीत वारा शिरतो, त्याच्या जोरावर बैठकीसमोरचा काटा वेग दाखवतो. उडाल्यावर नळी मध्येच बुजली, तर वारा आत कोंडतो आणि काटा होता तिथंच राहतो. वेग कमी होत जातो, काटा मात्र सगळं ठणठणीत असल्याचं सांगतो. वेग फार कमी झाला, की विमान दगडासारखं खाली येतं.

"तो काट्याकडे पाहत होता," साहेब म्हणाले. "आणि काट्यावर विश्वास ठेवून खाली आला."

पंतांच्या छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. म्हणजे चूक काट्याची! त्यांना वाटलं, आत्ताच्या आत्ता धावत जाऊन पेठेतल्या एकेकाला गदागदा हलवून हे सांगावं.

तेवढ्यात तारेबरोबर एक लहानसा गोळा बाहेर आला. साहेबांनी तो तळहातावर घेऊन चुरडला. तेलानं आणि पावसानं काळपट झालेला, मातीसारखा.

"वाटलंच," ते म्हणाले. "ती चिखलाचं घर करणारी माशी. कराचीत एकदा पाहिलंय मी असं. घर तोंडाशी असतं, हवेत गेल्यावर सुटून आत सरकतं. हिला काय म्हणता तुम्ही?"

"कुंभारीण," पंत म्हणाले.

पण त्यांची नजर तळहातावर खिळली होती. चुरडलेला गोळा आतून काळा नव्हता. पिवळा होता, कडेला तांबूस. त्यात तांदळाचा एक दाणा होता, अख्खा.

खंडेनवमीची सकाळ त्यांच्यापुढे उभी राहिली. होटगीच्या वाटेवरचं मैदान, लोकांची गर्दी. एकनाथ रुमालानं नळीचं तोंड पुसत होता, डोळा लावून आत बघत होता. आणि मग मालक म्हणाले, वैमानिकाच्या मातोश्रींनीच पूजा करावी. यशोदाबाईंना कोण आनंद झाला! पंख्याला, चाकांना, पंखांना, दांड्यांना, ओल्या हळदीची बोटं, वर कुंकू, वर अक्षता दाबून. एकही अंग सुटू नये म्हणून त्या विमानाभोवती फिरत होत्या. एकनाथ हसून म्हणाला होता, "आई, पुरे की आता, ते उडणार कसं एवढ्या ओझ्यानं?" त्या नळीजवळही त्या थांबल्या होत्या. पंतांनीच पाहिलं होतं. पाहून ते कौतुकानं हसले होते.

"निघण्याआधी या नळीला कुणी हात लावला होता?" साहेब विचारत होते. "नीट आठवून सांगा. वैमानिकानं तपासल्यावर कुणी काही केलं असेल, तर त्याच्याकडे दोष जात नाही. पण माशीचं घर असेल, तर ते निघण्याआधी बघणं त्याचं काम होतं."

छत्रीची सावली साहेबांच्या डोक्यावरून सरकली. पंतांनी ती पुन्हा नीट धरली.

"नाही," ते म्हणाले. "कुणी हात लावला नाही."

"मग मला तसंच लिहावं लागेल. वाईट वाटतं."

साहेबांनी हात झटकला. तांदळाचा दाणा ढेकळांत कुठंतरी पडला. बिरप्पा दोघांच्या तोंडाकडे बघत उभा होता.

"काय म्हनला सायेब?"

"काही नाही," पंत म्हणाले. "माशीनं घर केलं होतं."

दिवेलागणीला ते घरी पोचले. यशोदाबाई दारातच होत्या. त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं, पंचा दिला, आणि पंत माजघरात टेकेपर्यंत एक शब्द विचारला नाही. गेले पंधरा दिवस त्या अशाच होत्या. रडणं संपलं होतं आणि दुसरं काही सुरू झालं नव्हतं.

"सांगा," त्या म्हणाल्या.

वाटेत पंतांनी सगळं जुळवून ठेवलं होतं. साहेबांच्या अहवालात एकनाथचं नाव कसं येणार, हे ते सांगणार नव्हते. पेठ बोलत होती, आणखी बोलेल. पोराच्या नावाला डाग लागेल. तो आपण सोसू. ही बाई मात्र वाचली पाहिजे.

"कुणाची चूक नव्हती. पंखाखाली एक नळी असते. तिच्यात कुंभारणीनं घर केलं होतं. त्यामुळे वेगाचा काटा अडकला. एवढंच."

"कुंभारणीनं?"

"हो."

"माझ्या नाथाची चूक नव्हती ना?"

"नव्हती."

त्यांनी डोळे मिटले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचे खांदे सैल झाले. पंतांनाही वाटलं, निभावलं. त्यांनी भिंतीला पाठ टेकली. यशोदाबाई उठून देवापाशी गेल्या, समईत तेल घातलं, वात सारखी केली. मग काडी हातात तशीच धरून थांबल्या.

"कुठली नळी म्हणालात? उजव्या पंखाखालची, तोंड पुढे असलेली?"

पंत पंचाची घडी घालू लागले.

"तिच्यात कुंभारीण कशी असेल हो? नाथानं ती माझ्यादेखत पुसली. आणि मग मीच तर तिच्या तोंडाशी—"

त्या थांबल्या. काडी ओढलीच नाही. मागे वळून त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, आणि पंतांना आपली नजर वेळेवर खाली घालता आली नाही.

यशोदाबाईंनी काडी खाली ठेवली. उजव्या हाताचं कुंकू लावायचं बोट त्यांनी डाव्या मुठीत घट्ट धरलं, आणि देवाकडे पाठ करून त्या तिथंच अंधारात बसल्या.